आधी काय लागते, ते आधी सांगा
विज्ञान विद्यार्थ्यांच्या विषयनिवडीचा जाहीरनामा

महाराष्ट्रात विज्ञानाला जाणाऱ्या मुलामुलींच्या पुढच्या सात-आठ वर्षांचा निर्णय दहावीच्या निकालानंतर कनिष्ठ महाविद्यालयाच्या खिडकीशी होतो. अर्जावर एक रकाना असतो: गणित, जीवशास्त्र की दोन्ही. मागे रांग असते, वडिलांनी अर्ध्या दिवसाची रजा काढलेली असते, फी भरायची वेळ संपत आलेली असते. "डॉक्टर व्हायचंय ना, मग गणित कशाला?" असे कोणीतरी म्हणते आणि रकान्यात खूण होते. पाच वर्षांनी एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या वेळी तीच खूण आडवी येते. मधल्या काळात त्या मुलाला किंवा मुलीला एकदाही, एकाही अधिकृत कागदावर, त्या खुणेचा अर्थ सांगितलेला नसतो.

आम्ही विज्ञानाचे आजी-माजी विद्यार्थी, शिक्षक आणि पालक आहोत, आणि हे थांबवण्यासाठी एकत्र आलो आहोत. आमची चळवळ एकाच मागणीवर उभी आहे. कोणत्याही विषयाला आधी काय लागते, ते विद्यार्थ्याने तो विषय निवडण्याआधी त्याला लेखी सांगितले पाहिजे; आणि जे लागते ते त्याच्याकडे नसेल, तर ते मिळवण्याची सोय त्याच्याच महाविद्यालयात असली पाहिजे. या जाहीरनाम्यातले बाकी सगळे या दोन वाक्यांतून निघते.

पूर्वअट खरी असते

पूर्वअटी रद्द करा, असे आम्ही म्हणत नाही. विज्ञानात एक विषय दुसऱ्याच्या आधाराने उभा असतो आणि हा क्रम कोणा कार्यालयाने ठरवलेला नाही. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला क्वांटम मेकॅनिक्स येते. श्रोडिंगरचे समीकरण सोडवायचे तर डिफरन्शियल इक्वेशन्स आली पाहिजेत. त्याच्या उत्तराचा अर्थ लागायचा तर आयगनव्हॅल्यू म्हणजे काय ते कळले पाहिजे, म्हणजे लिनिअर अल्जिब्रा आला. हॅमिल्टोनियन हा शब्द अर्थासह ओळखीचा असायचा तर क्लासिकल मेकॅनिक्स नीट झालेले असले पाहिजे. इलेक्ट्रोडायनॅमिक्सला व्हेक्टर कॅल्क्युलस लागते. डायव्हर्जन्स आणि कर्ल न समजताही मॅक्सवेलची समीकरणे पाठ करता येतात, परीक्षेत लिहिता येतात, गुणही मिळतात. ती वापरता मात्र येत नाहीत. रसायनशास्त्राच्या वर्गात थर्मोडायनॅमिक्स सुरू झाले की फळ्यावर पार्शल डेरिव्हेटिव्ह येतात. दहावीनंतर गणित सोडलेल्या विद्यार्थ्याला तिथे कळेनासे होते की आपल्याला अडते आहे ते रसायन की गणित. तो बहुधा असेच ठरवतो की आपल्याला रसायनच जमत नाही. कित्येक चांगले रसायनशास्त्रज्ञ आपण या एका गैरसमजापायी गमावले आहेत, असे आमच्यातल्या शिक्षकांचे ठाम मत आहे. शुद्ध गणितात साखळी आणखी कडक असते. रिअल ॲनालिसिस न करता टोपॉलॉजीला बसलेला विद्यार्थी व्याख्या उतरवून घेतो. त्या कशासाठी केल्या आहेत हे त्याला दिसत नाही.

पण सगळ्यात महागात पडतो तो समज जीवशास्त्राबद्दलचा: जीवशास्त्राला गणित लागत नाही. राज्य मंडळाच्या बारावीच्या गणिताचा दुसरा भाग उघडून बघा. डिफरन्शिएशन, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन्स, संभाव्यतेची वितरणे, बायनॉमिअल डिस्ट्रिब्युशन. आता बी.एस्सी.चे जीवशास्त्र बघा. एन्झाइमचा वेग शिकताना मायकेलिस आणि मेंटेन यांचे १९१३ सालचे समीकरण येते. लोकसंख्यावाढीचे, शिकारी आणि भक्ष्य यांच्या संख्येचे सगळे विवेचन डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये चालते. आनुवंशशास्त्रात पिढ्यान्‌पिढ्या जनुकांचे प्रमाण कसे राहते हे सांगणारा हार्डी-वाइनबर्ग नियम निव्वळ संभाव्यतेचे गणित आहे. १९०८ साली तो मांडणाऱ्यांपैकी जी. एच. हार्डी हे तर शुद्ध गणिती होते. प्रयोगाचे निष्कर्ष खरे की योगायोग, हे ठरवायला संख्याशास्त्र लागते. बायोइन्फर्मेटिक्सला संख्याशास्त्राबरोबर प्रोग्रॅमिंगही लागते. ज्या मुलीने सोळाव्या वर्षी "मला जीवशास्त्र आवडतं" म्हणून गणित सोडले, तिने जीवशास्त्राचाच मोठा भाग सोडला, आणि हे तिला कोणी सांगितले नाही.

ही चूक तिची नाही. पीसीएम (गणिताचा गट) आणि पीसीबी (जीवशास्त्राचा गट) ही विज्ञानाची विभागणी नाही, ती प्रवेशपरीक्षांची विभागणी आहे. एमएचटी-सीईटीचे दोन गट आहेत, नीटला जीवशास्त्र लागते, जेईईला गणित लागते. म्हणून क्लासवाल्यांनी बॅचेस तशा पाडल्या, महाविद्यालयांनी वेळापत्रके तशी लावली आणि घराघरात विज्ञानाचे दोन प्रांत झाले. दुसऱ्या बाजूलाही तेच घडते. इंजिनिअरिंगचे ठरले की दुसरी भाषा आणि जीवशास्त्र सोडून दोनशे गुणांचे बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतले जाते. इंजिनिअरिंगसाठी ते ठीकही असेल. पण जो मुलगा पुढे इंजिनिअरिंगला न जाता भौतिकशास्त्रातून जीवभौतिकीकडे वळू पाहतो, त्याने पेशी शेवटची पाहिलेली असते ती दहावीच्या पुस्तकात.

आणि जिथे या निवडीचा हिशेब होतो, ती जागा फार दूर असते. आयआयटींच्या एम.एस्सी.साठी जॅम परीक्षेचा अर्ज भरायला बसल्यावर कळते की काही संस्था रसायनशास्त्राच्या किंवा बायोटेक्नॉलॉजीच्या एम.एस्सी.ला बारावीचे गणित मागतात, आणि भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला पदवीच्या काही सत्रांत गणित झालेले असावे लागते. एमसीएला बारावीचे किंवा पदवीचे गणित, ही अट वर्षानुवर्षे चालत आली. या अटी गुप्त नाहीत, छापील आहेत. पण त्या एकविसाव्या वर्षी वाचायच्या पुस्तिकेत छापल्या आहेत आणि निर्णय सोळाव्या वर्षी झालेला आहे.

दुहेरी अन्याय

आपल्या व्यवस्थेत दोन उलट्या दोषांचा मेळ बसला आहे. जिथे अट आधी सांगायला हवी तिथे ती सांगितली जात नाही. आणि जिथे अट पाळायला हवी तिथे ती पाळली जात नाही.

एटीकेटीचे, म्हणजे राहिलेल्या पेपरसह पुढच्या वर्षात जाण्याच्या मुभेचे उदाहरण घ्या. ती माणुसकीची सोय आहे. एका पेपरात अडखळल्यामुळे अख्खे वर्ष वाया जाऊ नये, हे आम्हालाही मान्य आहे आणि ती सोय काढण्याच्या कोणत्याही प्रयत्नाला आम्ही विरोध करू. पण पहिल्या वर्षाचे कॅल्क्युलस राहिलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षी थेट डिफरन्शियल इक्वेशन्सच्या वर्गात येऊन बसतो, तेव्हा त्याच्यासाठी कोणी काहीही वेगळे केलेले नसते. राहिलेला पेपर तो ऑक्टोबरात पुन्हा देणार असतो, म्हणजे ज्या विषयावर आजचा विषय उभा आहे तो विषय त्याला आजच्या विषयानंतर शिकायचा असतो. शिक्षकाला हे दिसते. साठ-सत्तर जणांच्या वर्गात तो पुढे जातो, कारण अभ्यासक्रम संपवायचा असतो. मग विद्यार्थी गाइड घेतो, ठरलेली डेरिव्हेशन्स पाठ करतो आणि पास होतो. कागदावर साखळी पूर्ण झालेली असते. डोक्यात तिची एकही कडी दुसरीत अडकलेली नसते.

नवीन शैक्षणिक धोरण २०२० साली आले. राज्यात स्वायत्त महाविद्यालयांतून २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांतून २०२४-२५ पासून त्याप्रमाणे पदवीची रचना बदलली. तीन वर्षांच्या पदवीला १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १७६. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली अशी पेपरांची यादी लांबली. आम्ही या रचनेचे स्वागत करतो, कारण निदान कागदावर तरी तिने निवड हा विद्यार्थ्याचा हक्क मानला आहे. अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे, आणि मग त्यांतला एक मेजर नि एक मायनर करायचा, अशी पद्धत आहे. कल्पना चांगली आहे. पण भौतिकशास्त्र मेजर घेणाऱ्याने मायनर म्हणून गणित घेतले तर पुढे काय उघडते, रसायन घेतले तर काय, आणि दोन्ही सोडून तिसरेच काही घेतले तर काय बंद होते, हे सांगणारा एक कागद आमच्यापैकी कोणाच्याही महाविद्यालयात प्रवेशाच्या वेळी हातात पडलेला नाही.

निवडीच्या गोष्टी बोलताना एक सत्य उच्चारलेच पाहिजे. तालुक्याच्या महाविद्यालयात मायनर कोणता मिळणार, हे विद्यार्थ्याच्या आवडीवर ठरत नाही. गणिताची जागा भरलेली आहे की रिकामी, यावर ठरते. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेला प्राध्यापक ऑगस्ट उजाडला तरी आलेला नसतो, आणि एक सत्र म्हणता म्हणता संपते. ओपन इलेक्टिव्ह शाखेबाहेरचे असावे असा नियम आहे, तेव्हा वाणिज्य किंवा कला शाखेत ज्या शिक्षकांचा तास मोकळा असेल त्यांचा विषय सगळ्या वर्गाला मिळतो. प्रॅक्टिकलच्या बॅचेस दुपारी असतात, त्यांच्याशी मायनरचा तास आदळतो आणि शेवटी मायनर बदलायला सांगतात. अशा ठिकाणी निवडीचे स्वातंत्र्य म्हणजे उरलेल्यातून घेणे. शिक्षकांच्या रिक्त जागा भरा, ही मागणी म्हणूनच आमच्या मागणीचा भाग आहे. पूर्वअटींचा तक्ता कितीही सुंदर छापला, तरी त्यातले विषय शिकवायला माणूस नसेल तर उपयोग शून्य.

क्रेडिटचा हिशेब चोख ठेवला जातो. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झालेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत वापरता येतात, एका विद्यापीठातून दुसऱ्यात नेता येतात. पण बँक क्रेडिट मोजते, क्रम मोजत नाही. चार क्रेडिटचा कोणताही पेपर चार क्रेडिटचाच असतो, मग तो कशाच्या आधी झाला आणि कशाच्या नंतर, याची नोंद तिथे नाही.

ज्यांच्या घरी विचारायला कोणी नाही

ही माहिती मुळीच नाही, असे नाही. ती आहे, पण काही घरांत आहे. ज्या मुलीची मावशी संशोधन संस्थेत आहे, तिला अकरावीतच सांगितले जाते: गणित सोडू नकोस, चारही विषय घे, नीट द्यायची की नाही ते नंतर बघू. ज्याचा मोठा भाऊ आयसरला आहे, त्याला माहीत असते की तिथे सुरुवातीच्या सत्रांत सगळ्यांना सगळी मूलभूत विज्ञाने करावी लागतात. शहरातल्या नावाजलेल्या महाविद्यालयात वरच्या वर्गातले विद्यार्थी कँटीनमध्ये बसून खालच्यांना सांगतात की अमुक पेपर आधी घे, तमुक सरांचा पेपर शेवटच्या सत्राला ठेव.

आणि जी मुलगी मराठी माध्यमातून दहावी करून येते, जिच्या घरात ती कॉलेजात जाणारी पहिली आहे, तिला हे कोण सांगणार? अकरावी विज्ञान इंग्रजीतून असल्यामुळे पहिले तीन महिने तिचे शब्द समजण्यातच जातात. अशा वेळी गणित सोडले तर ओझे एका विषयाने कमी होईल, असे तिला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. तिला गणित जमत नव्हते असे नाही. दहावीला बीजगणितात आणि भूमितीत तिला उत्तम गुण असतात. तिने सोडले ते इंग्रजीच्या धास्तीने, आणि त्या सोडण्याची किंमत तिला सांगितली गेली नाही म्हणून. हा अन्याय आहे, या शब्दावर आम्ही ठाम आहोत. माहिती वाटली गेली नाही की ती वारशाने मिळते, आणि ज्यांना वारसा नाही त्यांच्या वाट्याला बंद दारे येतात.

२०२५-२६ पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाले. शाखा निवडा, महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरा, एवढे त्या अर्जात सविस्तर विचारले जाते. ज्या शासनाला राज्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा पसंतीक्रम एका जागी गोळा करता येतो, त्याला त्याच जागी, मराठीत, एक पान दाखवता येईल: गणित घेतले तर पुढे काय, सोडले तर काय, आणि सोडून पुन्हा हवे असेल तर कसे.

दुसरी संधी ही दया नाही

वेंकी रामकृष्णन यांनी १९७१ साली बडोद्यात भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि १९७६ साली अमेरिकेत भौतिकशास्त्रातच पीएच.डी. केली. त्यानंतर त्यांना जीवशास्त्राकडे वळायचे होते. त्यांनी सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी होऊन सुमारे दोन वर्षे जीवशास्त्राचे अभ्यासक्रम केले. पुढे रायबोसोमच्या रचनेवरच्या कामासाठी २००९ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. त्यांची बुद्धिमत्ता असामान्य होती हे खरेच. पण पीएच.डी. झालेल्या माणसाला जीवशास्त्राच्या पायाभूत वर्गात बसू देणारी व्यवस्था होती, हेही तितकेच खरे. आमच्या विद्यापीठांत रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी पहिल्या वर्षाच्या गणिताच्या वर्गात बसू इच्छिते, तेव्हा तिला हजेरीपटात नाव नाही म्हणून उठवले जाते.

राज्य मंडळाच्या बारावीला तुरळक विषय घेऊन बसण्याची सोय आहे. बारावी झालेल्या विद्यार्थ्याला राहून गेलेला विषय नंतर देता येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केले की बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण झालेल्यालाही नीट देता येईल. म्हणजे मार्ग आहेत. ते सांगणारे कोणी नाही. 'तुरळक विषय' हे शब्द परीक्षेच्या अर्जाच्या तारखांच्या बातमीत दरवर्षी छापून येतात आणि ज्यांना त्यांची सर्वांत जास्त गरज आहे ते ती ओळ वाचून पुढे जातात, कारण ती आपल्यासाठी आहे हे त्यांना माहीत नसते.

आता या जाहीरनाम्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमांची आणि क्रेडिटची जी चौकट जाहीर केली, तिच्यात अभ्यासक्रमांना पातळ्यांचे क्रमांक दिले आहेत. १०० ते १९९ पायाभूत, २०० ते २९९ मधली पातळी, त्यापुढे ३०० आणि ४०० च्या वरच्या पातळ्या. आणि या सगळ्यांच्या खाली एक पातळी आहे: शून्य ते ९९. ही पातळी पूर्वअटींच्या अभ्यासक्रमांची आहे. पायाभूत विषयाला बसण्यासाठी जे आधी लागते ते इथे शिकवायचे, त्याला क्रेडिट नाही, फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. आयोगाने हेही लिहिले आहे की काही महाविद्यालयांत अनौपचारिकपणे चालणाऱ्या ब्रिज कोर्सची जागा हे अभ्यासक्रम घेतील.

म्हणजे आम्ही जे मागतो आहोत ते देशाच्या अधिकृत दस्तऐवजात आधीच लिहिलेले आहे. आमचा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या प्रत्येक विज्ञान अभ्यास मंडळाला आहे: तुमचा शून्य ते ९९ पातळीचा अभ्यासक्रम कुठे आहे? तो कोण शिकवतो, कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्गात?

हा प्रश्न आता अधिक तातडीचा झाला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आयोगाने नियमांचा जो मसुदा काढला, त्यात प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्यास बारावीला कोणतेही विषय असले तरी कोणत्याही शाखेत पदवीला जाता येईल, असे म्हटले होते. या उदारपणाचे आम्ही मनापासून समर्थन करतो. पण दार उघडले आणि आत पायऱ्याच बांधल्या नाहीत, तर आत येणारा पडेल, आणि मग सगळे म्हणतील की त्याची लायकीच नव्हती. मोकळा प्रवेश आणि भक्कम पूर्वतयारी या दोन्ही गोष्टी एकत्रच आल्या पाहिजेत.

आम्ही काय मागतो, आम्ही काय करू

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी प्रत्येक पेपरच्या अभ्यासक्रमात पहिल्याच ओळीत लिहावे की या पेपरसाठी आधी कोणता पेपर झालेला असावा, आणि त्यातला नेमका कोणता भाग. "गणिताचे जुजबी ज्ञान" अशा शब्दांनी काम भागणार नाही. हे अवघड नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या पुस्तिकेत ८.०४ या क्वांटम फिजिक्सच्या पहिल्या अभ्यासक्रमापुढे ८.०३, म्हणजे कंपने आणि लहरी, आणि डिफरन्शियल इक्वेशन्सचा १८.०३ असे आकडे छापलेले असतात. ते वाचून अठरा वर्षांचा विद्यार्थी स्वतःचा चार वर्षांचा आराखडा करू शकतो. लांब कशाला, आपल्या एनपीटीईएलच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवरही पूर्वअटीची ओळ असते. जे आयआयटीच्या प्राध्यापकांना दूरस्थ विद्यार्थ्यांसाठी जमते, ते आपल्या समोर बसलेल्या मुलांसाठी अभ्यास मंडळांना जमलेच पाहिजे.

महाविद्यालयांनी जूनचा पूर्ण महिना शून्य पातळीच्या अभ्यासक्रमांना द्यावा. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र, गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी पेशी आणि आनुवंशिकता, आणि सगळ्यांसाठी प्रोग्रॅमिंगची तोंडओळख. शिकवताना मराठीचा मोकळेपणाने वापर व्हावा. डेरिव्हेटिव्ह ही कल्पना एकदा आपल्या भाषेत पक्की झाली की इंग्रजी पुस्तक वाचताना ती सापडते. उलट क्रमाने ती क्वचितच सापडते. एटीकेटी असलेल्या विद्यार्थ्याला राहिलेल्या विषयाचे तास सुरू असलेल्या सत्रातच मिळावेत. कोणत्याही विद्यार्थ्याला खालच्या वर्षाच्या कोणत्याही वर्गात बसण्याचा हक्क असावा. हजेरी नाही, परीक्षा नाही, फक्त बसू द्यावे. याला एक रुपयाही लागत नाही. स्वयम् या ऑनलाइन मंचाच्या अभ्यासक्रमांतून एका सत्राच्या चाळीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेण्याची मुभा आयोगाने दिलेली आहे. जिथे शिक्षक नाही तिथे ती मुभा वापरा, पण तिच्या आडोशाने जागा रिकाम्या ठेवू नका.

काही प्राचार्य आम्हाला खासगीत सांगतात की एवढे सगळे आधी सांगितले तर मुले घाबरतील आणि बी.एस्सी.च्या जागा रिकाम्या राहतील. त्यांची अडचण खरी आहे. तुकडी टिकली नाही तर शिक्षकांचा कार्यभार जातो, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्यातही असे शिक्षक आहेत. पण अंधारात भरलेली जागा तिसऱ्या वर्षापर्यंत भरलेली राहत नाही. अट सांगून आणि तिच्याबरोबर तयारीची सोय देऊन घेतलेला विद्यार्थी टिकतो, आणि पुढच्या वर्षी आपल्या गावातले आणखी चार जण घेऊन येतो.

काही जण म्हणतील की मुलांनी आपली माहिती आपण शोधावी, मोबाइल तर प्रत्येकाच्या हातात आहे. सोळा वर्षांच्या मुलाला काय शोधायचे हेच माहीत नसते. प्रश्न कोणता विचारायचा हे ज्याला कळले, त्याने अर्धे शिक्षण आधीच घेतलेले असते.

आम्ही फक्त मागण्या करून थांबणार नाही. या चळवळीत सामील होणारा प्रत्येक शिक्षक आपल्या विषयाचा एक तक्ता तयार करील: कोणता पेपर कशावर उभा आहे, तो न झाल्यास नेमके कुठे अडेल, आणि राहिलेले भरून काढायला किती आठवडे लागतील. तो मराठीत असेल आणि विभागाच्या दाराबाहेर लावलेला असेल. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन सांगतील की मायनर निवडताना त्यांनी काय पाहिले आणि काय पाहायला हवे होते. एम.एस्सी.च्या प्रवेशपुस्तिका दरवर्षी वाचून त्यांतल्या विषयांच्या अटी आम्ही एका जागी, तारखेसह, मांडू, कारण त्या अटी बदलतात आणि जुन्या माहितीवर घेतलेला निर्णय तितकाच घातक असतो. आणि दहावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात आम्ही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, शाळेच्या ओट्यावर, जिथे जागा मिळेल तिथे बसू, आणि अकरावीचा अर्ज भरण्याआधी पालकांशी बोलू. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

एक गोष्ट आम्ही करणार नाही. "हे घे, ते घेऊ नको" असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. गणित सोडण्याचा हक्क विद्यार्थ्याचा आहे, जीवशास्त्र सोडण्याचाही आहे. मनापासून, सगळे कळून सोडलेल्या विषयाचे कोणालाही वाईट वाटत नाही. आमचा आग्रह एवढाच आहे की सोडणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत ते ठाऊक असावे.

विद्यार्थ्यांनो, या वर्षी विषय निवडताना खिडकीपाशी, विभागप्रमुखांपाशी, प्राचार्यांपाशी हे तीन प्रश्न विचारा. या विषयाला आधी काय लागते? माझ्याकडे ते नसेल तर तुम्ही ते कधी आणि कोणाकडून शिकवाल? हा विषय मी सोडला तर पुढे कोणते प्रवेश बंद होतील? उत्तर तोंडी मिळाले तर अर्ज करून लेखी मागा, आणि आई-वडिलांनो, त्या अर्जाखाली तुमचीही सही करा. शिक्षकहो, तुमच्या विषयाचा तक्ता पहिला तास सुरू होण्याआधी लावा. ज्यांना हे पटते त्यांनी आपापल्या महाविद्यालयात पाच जणांचा गट करून या जूनपासून कामाला लागावे.